आक्काबाईची जीभ

भाताची झोडणी सुरू झाली की आक्काबाईच्या घरामागच्या बांधावर माणसं दिसायला लागत. एक डोळा पदराने नाहीतर टोपीने दाबून धरलेला, दुसऱ्यातून पाणी गळतंय, आणि बोलणं एकच, "आक्का, बग गं जरा, जीव चाललाय."

मुळशी धरणाकडून पौडला येणाऱ्या रस्त्याच्या कडेला ते गाव. भाताशिवाय दुसरं मोठं पीक नाही. खळ्यावर पेंढ्या लाकडावर आपटून आपटून भात झोडायचं, आणि झोडताना धुरळा उडतो, तूस उडतं, कुसळं उडतात. एखादं कुसळ डोळ्यात रुतलं की ते पाण्याने निघत नाही, फुंकर मारून निघत नाही, आणि चोळावं तितकं आत जातं. आक्काबाई ते जिभेने काढायची.

आधी खळखळून चुळा भरायची. मग माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायची, त्याचं डोकं आपल्या मांडीवर घ्यायची, काडीवर पापणी उलटी करायची आणि जिभेचं टोक डोळ्यावरून असं फिरवायची की माणसाला नुसतं ऊन ऊन लागे. कुसळ जिभेला टोचलं की तिला कळे. ते तळहातावर काढून ती माणसाला दाखवायची, कारण दाखवल्याशिवाय डोळ्यातली खुपखुप जात नाही असा तिचा अनुभव होता. हे ती माहेरी आईकडून शिकलेली. त्याबद्दल तिने कधी कुणाकडून काही घेतलं नाही.

घर बौद्धवाडीत होतं. गावातल्या मराठ्यांच्या बायका यायच्या त्या मागच्या बांधावरून, केळीच्या आडोशाने. तिच्या घरचं पाणी त्यांना चालत नसे, म्हणून डोळा धुवायला लागणारं पाणीही त्या आपल्या तांब्यातून घेऊन येत. आक्काबाईला त्याचं काही वाटत नव्हतं, निदान तसं ती म्हणायची. तिचा मुलगा किसन मात्र चिडायचा. तो दहावी झालेला, उरवड्याच्या एका कारखान्यात नुकताच लागलेला. तुझ्या हातचं पाणी त्यांना बाटतं आणि तुझी जीभ डोळ्यात चालते, हा कुठला न्याय, असं तो विचारायचा. तू असल्या बायांना दारात उभं करू नकोस, असंही सांगायचा. आक्काबाई हसून म्हणायची की दुखणाऱ्या डोळ्याला जात नसते. पण खरं सांगायचं तर एरवी मान वर करून न बघणारी बाई आपल्या मांडीवर डोकं टेकून निमूट पडते, हे तिला आतून सुखवायचं. ही गोष्ट तिने किसनला कधी सांगितली नाही.

त्या वर्षी साळू आली. हैबतरावांची धाकटी सून, लग्न होऊन फार दिवस झालेले नव्हते. सकाळी खळ्यावर पेंढी उचलताना डोळ्यात कुसळ गेलं होतं. सासू रंभाबाई कडक, तिला हे कळलं असतं तर तिने पोरीला बौद्धवाडीकडे फिरकू दिलं नसतं. म्हणून साळू शेण टाकायला जाते असं सांगून निघाली आणि केळीआडून आली. घाईत तांब्याही विसरली. आक्काबाईच्या घरच्या पाण्याने तिने डोळा धुतला आणि कुणाला सांगू नका असं म्हणाली.

कुसळ खोल होतं. बुबुळावरच आडवं रुतलेलं. आक्काबाईला दोनतीनदा जीभ फिरवावी लागली, तेव्हा ते निघालं, पण तुटून निघालं. तळहातावर आलं ते अर्धं होतं की पूर्ण, हे तिला नीट कळलं नाही. तिची स्वतःची नजर अलीकडे धूसर झालेली होती. तिने पुन्हा एकदा जीभ फिरवली, टोचलं नाही, म्हणून निघालं असं धरलं. साळूला म्हणाली, "निगालं बग पोरी. दोन दिस खुपंल, मग ऱ्हाईल."

ते राहिलं नाही. साळू पुन्हा आली तेव्हा डोळा लालबुंद होता. आक्काबाईने तगरीची फुलं पाण्यात चुरून ते पाणी डोळ्यात सोडलं आणि थंड वाटेल, धीर धर, असं सांगितलं. पुढच्या खेपेला साळू म्हणाली की नवऱ्याने, जयसिंगने, पौडच्या दुकानातून मलमाची नळी आणली आहे, आणि त्याने लाली उतरली आहे. आक्काबाईला हायसं वाटलं. तिने त्या नळीला दोनदा दुवा दिला.

मग साळू येईनाशी झाली. पाणवठ्यावरच्या बायका बोलत होत्या की हैबतरावांच्या सुनेच्या डोळ्यात पांढरं पडलंय, उजेड सोसवत नाही. आक्काबाई कळशी भरून उठली आणि घरी येऊन नुसतीच बसली. आपल्या जिभेचं विष त्या डोळ्यात गेलं, असं तिच्या मनाने घेतलं. ती आरशासमोर जाऊन जीभ बाहेर काढून बघायची. कुठे काही दिसायचं नाही. तंबाखूची सवय होती, ती सोडली. जेवताना घास तोंडात फिरायचा आणि तिला वाटायचं, ही जीभ आपल्याच तोंडात असून परक्याची आहे.

थोड्या दिवसांनी पौडच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. पुण्याहून डॉक्टर आले होते. किसनची त्या दिवशी सुट्टी होती. आईला दिव्याभोवती कडं दिसतं हे त्याने कधीपासून ऐकलेलं, म्हणून तो हट्टाने तिला एसटीत घालून घेऊन गेला. शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली होती. आक्काबाई भिंतीला टेकून उभी राहिली आणि समोर बघते तो पुढेच रंभाबाई, आणि तिच्या आडोशाला डोळ्यावर पदर ओढलेली साळू.

साळूने मान वळवली. धड डोळ्याने तिने आक्काबाईला पाहिलं, क्षणभरच, आणि ओळख नसल्यासारखी नजर काढून घेतली. आक्काबाईला कळलं. पोरगी आपल्याला सांभाळून घेत होती.

तपासायला एक डॉक्टरीणबाई होत्या. वयाने फार मोठ्या नव्हत्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी साळूचा डोळा बॅटरी लावून बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. डोळ्यात काही गेलं होतं का, कुणी काही काढलं का, कुणी काही घातलं का, असं त्यांनी एकामागून एक विचारलं. रंभाबाईच म्हणाली, "सोताच चोळला. नळी आणली हुती दुकानातनं, ती लावलीया. बाकी आमच्या घरात असलं काय चालत न्हाई."

नळी आधी बंद करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा साळूलाच विचारलं, "नक्की काही गेलं नव्हतं? भाताचं, गवताचं? मला खरं सांग, म्हणजे मला कळेल काय शोधायचं ते."

साळूने मान हलवली. नाही.

मागे आक्काबाई उभी होती. दोन शब्दांचं काम होतं. भाताचं कुसळ, एवढंच. पण शेजारी किसन होता, ज्याने तिला इतक्यांदा बजावलं होतं. समोर रंभाबाई होती. आणि डॉक्टरीणबाईंनी मग विचारलं असतं की कुणी काढलं, कशाने काढलं, आणि भरल्या व्हरांड्यात तिला सांगावं लागलं असतं की जिभेने. तिने पदर पुढे ओढून घेतला. डॉक्टरीणबाईंनी साळूला थेंबाची बाटली दिली, उतार पडला नाही तर सरळ पुण्याला आणा म्हणून सांगितलं, आणि रांग पुढे सरकली.

मग आक्काबाईची पाळी आली. मोतीबिंदू धरतोय, पिकला की काढू, असं त्या म्हणाल्या. आणखी काही सांगायचं आहे का, असंही त्यांनी विचारलं, कारण म्हातारीचा चेहरा त्यांना उतरलेला दिसला असावा.

"न्हाई," आक्काबाई म्हणाली.

परतीच्या एसटीत किसन खुशीत होता. शास्त्र काय असतं ते बघितलंस ना, आता तरी ते जिभेचं थांबव, असं तो म्हणत होता.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. कुणी बांधावर आलं की ती आतून कडी लावून घ्यायची. साळूला अंधाऱ्या खोलीत ठेवलंय, पोरगी कण्हतेय, दाराच्या फटीतला उजेडही तिला सोसत नाही, असं कानावर यायचं. एक दिवस शेजारच्या कोंडाजीच्या बायकोने सहज सांगितलं की डोळ्यातून आता पू येतो. आक्काबाई भात कांडत होती. तिने मुसळ ठेवलं, हात धुतले आणि चालायला लागली. मागच्या बांधाने नाही, गावातल्या रस्त्याने. हैबतरावांच्या अंगणात ती पायरीच्या अलीकडे उभी राहिली, कारण त्यापलीकडे ती कधी गेलेली नव्हती.

हैबतराव ओसरीवर दोर वळत बसले होते. रंभाबाई बाहेर आली. आक्काबाईने पायरीखालूनच एका दमात सांगून टाकलं.

"धाकल्या वैनीच्या डोळ्यात कुसळ गेलं हुतं. भाताचं. म्या काढलं, जिभेनं. त्यातलं निम्मं आत ऱ्हायलं का काय, मला म्हाईत न्हाई. पौडला मी मागंच हुबी हुते. बोलले न्हाई."

डोळ्याचं सोडून रंभाबाईने पहिली गोष्ट विचारली ती ही, "आमची सून तुज्या घरला आलती?"

आतल्या खोलीच्या दारात साळू येऊन उभी होती. एका हाताने डोळा झाकलेला, दुसरा हात चौकटीवर. तिने हे ऐकलं. आक्काबाईने तिच्याकडे पाहिलं आणि तिला उमगलं की डोळा वाचवायला म्हणून आपण आलो, पण पोरीने इतके दिवस जिवापाड झाकलेली गोष्ट आपण तिच्याच सासूपुढे उघडी केली.

रंभाबाई बोलायला लागली तशी हैबतरावांनी दोर खाली ठेवला. हैबतराव थोडं बोलणारा माणूस. त्यांनी बायकोला गप्प राहायला सांगितलं आणि आक्काबाईला म्हणाले, "डाक्तरीणीनं हेच इचारलं हुतं न्हवं? मग तिला हे सांगाया पायजे. आमाला सांगता यायचं न्हाई. तू चल संगट."

पहिल्या गाडीने ते पुण्याला गेले. साळू, जयसिंग, हैबतराव, आणि मागच्या बाकावर आक्काबाई. मोठ्या दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी डोळा बघितला. मग आक्काबाईने जे सांगायचं ते सांगितलं, कुसळापासून तगरीच्या पाण्यापर्यंत सगळं. त्यांनी मधे तोडलं नाही. फक्त भाताचं कुसळ हे ऐकताच त्यांनी मान झटकन वर केली, साळूला आत नेलं, डोळ्यावरचं पांढरं अलगद खरवडून काचेवर घेतलं आणि स्वतःच सूक्ष्मदर्शक यंत्राखाली बघत बसल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी हैबतरावांना समजावून सांगितलं. शिळ्या भाकरीवर बुरशी धरते ना, तसलीच बुरशी डोळ्यात धरली आहे. ती पेंढ्यावर, तुसावर, ओलसर भातावर असते. कुसळाने बुबुळाला ओरखडा पडला की त्यातून आत शिरते आणि सावकाश पसरते. तुमच्या भागात झोडणी झाली की असे डोळ्यांचे रोगी येतात, पण बहुतेक वेळा इथवर येईपर्यंत उशीर झालेला असतो. दुकानातल्या मलमाने लाली गेली, पण बुरशीला ते मानवलं. आणि मी दिलेले थेंब दुसऱ्या जंतूंवरचे होते, त्यांचा हिच्यावर उपयोग नव्हता.

"माज्या जिभेनं झालं का?" आक्काबाईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "ते मला सांगता येणार नाही, बाई. बुरशी बहुतेक कुसळाबरोबरच आली असणार. पण जिभेने डोळा साफ होत नाही, उलट ओरखडा वाढतो. ते परत कधी करू नका." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही पौडच्या शिबिरात होतात ना? हिच्यामागेच होतात."

"व्हय."

"मी विचारलं ते ऐकलं होतंत."

"व्हय."

"मग का नाही बोललात?"

आक्काबाईने खाली बघितलं. फरशी धुतलेली होती, ओली. "लाज वाटली," ती म्हणाली.

"कशाची?"

किसनची, रंभाबाईची, जिभेची, मांडीवर डोकं ठेवून घेण्यातल्या त्या सुखाची, सगळ्याचीच, पण त्यातलं एकही तिला त्या ओल्या फरशीवर उभं राहून सांगता आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं नाही. पुढचा पेशंट बघायला त्या आत गेल्या.

साळूला दवाखान्यात ठेवून घेतलं. त्या दुखण्यावरचं औषध बाजारात मिळत नव्हतं, ते दवाखान्यातच तयार करून थेंब थेंब घालत. बरेच आठवडे गेले. पू थांबला, दुखणं थांबलं, डोळा काढावा लागला नाही. पण बुबुळावर फूल पडलं ते कायमचं. उजेड आहे की अंधार, माणूस समोरून गेलं की नाही, इतकं त्या डोळ्याला कळायचं. त्याहून जास्त नाही. आधी आली असती तर, असं डॉक्टरीणबाई एकदा जयसिंगजवळ म्हणाल्या. जयसिंगने ते गावात येऊन सांगितलं. त्याने रागाने नाही, सहजच सांगितलं होतं.

गावाने आक्काबाईला बोल लावला नाही. लावला असता तर तिला सोपं गेलं असतं. बायका म्हणाल्या, पोरीचं नशीब. हैबतरावांनी रस्त्यात भेटल्यावर विचारपूस केली. पण साळू घरी परतल्यावर रंभाबाईने घरभर गोमूत्र शिंपडलं आणि कितीतरी दिवस सुनेला पाण्याच्या हंड्याला हात लावू दिला नाही, देवघरात जाऊ दिलं नाही. डोळ्यासाठी नाही, त्या पाण्यासाठी आणि त्या जिभेसाठी. हे आक्काबाईला कोंडाजीच्या बायकोकडूनच कळलं. त्या दिवशी चूल पेटवायचं राहून गेलं. गप्प राहिले तेव्हा पोरीचा डोळा गेला, बोलले तेव्हा तिची घरातली जागा गेली, असं ती किसनला म्हणाली.

किसनला सगळं आधीच समजलं होतं. तो रागावेल म्हणून ती घाबरली होती. तो रागावला नाही. जेवणाचं ताट बाजूला सारून त्याने एवढंच विचारलं, "आये, पौडला मी तुज्या शेजारी हुबा हुतो. मला तरी सांगायचंस. कानात."

तिने सांगितलं, "तुज्याचमुळं न्हाई सांगितलं."

किसन उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्यानंतर त्याने तिला त्या बाबतीत कधी उपदेश केला नाही, आणि तिला ते उपदेशाहून जड गेलं.

पुढच्या झोडणीला माणसं पुन्हा बांधावर आली. आक्काबाईने कुणाच्या डोळ्याला हात लावला नाही. डोळा चोळू नका, नळी घालू नका, पौडला दवाखान्यात जा, भाताचं कुसळ गेलंय म्हणून सांगा, एवढंच ती म्हणायची. लोकांना ते आवडलं नाही. पोरगा कारखान्यात लागला तशी आक्का मोठी झाली, असं बोलणं व्हायचं. ती ते ऐकून घ्यायची. एकदोघांना तिने स्वतः बरोबर जाऊन एसटीत बसवलं, आणि एक म्हातारी हटून बसली तेव्हा तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत गेली. पण कारण कधी सांगितलं नाही. साळूचं नाव पुन्हा तोंडात घ्यायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटायचं.

हैबतरावांच्या खळ्यावर ती दरसालसारखी मजुरीला गेली. न जाऊन भागण्यासारखं नव्हतं. साळूही तिथे होती, डोक्याला फडकं गुंडाळून, डाव्या डोळ्यावर त्याची कड ओढलेली. सगळ्या बायका ओळीने उभ्या राहून पेंढ्या झोडत होत्या. आक्काबाई मुद्दाम साळूच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. त्या बाजूने आपण तिला दिसणार नाही, तिला आपलं तोंड बघावं लागणार नाही, असा तिचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं, आणि तिसऱ्या दिवशीही.

तेव्हा साळूने पेंढी खाली टाकली आणि मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आक्का, त्या अंगाला हुभ्या ऱ्हाऊ नगा. मला दिसत न्हाई, पेंढी लागंल तुमास्नी." आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता. "हिकडं या."

आक्काबाईने आपली पेंढी उचलली. साळूच्या पाठीमागून वळसा घालून ती उजव्या अंगाला आली, जिथून साळूला तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि मान खाली घालून झोडायला लागली.